नमुना क्रमांक सात

हरवलेल्या माणसाला शोधून काढणे हे इतके पवित्र काम आहे की ते कोणाच्याही हाती सोपवून चालत नाही. कोणीही उठावे आणि कोणालाही शोधून आणावे असे एकदा सुरू झाले, तर हरवणाऱ्याची काय पत राहील? म्हणून आधी शोधणाऱ्याची पात्रता ठरली पाहिजे. मग ती पात्रता तपासणाऱ्याची पात्रता ठरली पाहिजे. आणि एवढे करून वेळ उरला, तर माणूस शोधावा. सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगमध्ये राहणाऱ्या नऊ मराठी माणसांनी हे तत्त्व जितके निष्ठेने पाळले तितके दुसऱ्या कोणी पाळल्याचे ऐकिवात नाही. ही हकिगत त्या नऊ जणांची आहे, त्यातही नवव्याची.

नवव्याचे नाव निशिकांत. वय सेहेचाळीस, गाव बार्शी, शिक्षण पुण्यात आणि नोकरी जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर. रोज पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसून, गळ्यात पास अडकवून तो तिथे जातो आणि सुरक्षा विभागात परवाने लिहितो. त्याच्या कारखान्यात कोणाला शिडी चढायची असेल तर आधी निशिकांतचा परवाना लागतो. (उतरायला लागत नाही. पण त्याबाबत त्याने वरिष्ठांना टिपण पाठवले आहे.) असा माणूस एखाद्या स्वयंसेवी संस्थेला लाभणे म्हणजे त्या संस्थेचे नशीब म्हटले पाहिजे.

संस्थेचे नाव 'उत्तर किनारा स्वयंसेवी शोध व बचाव ड्रोन पथक'. तिची स्थापना तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी ब्लॉकखालच्या (तिथे राहत्या इमारतीला ब्लॉक म्हणतात) मोकळ्या जागेत झाली. निमित्त असे झाले, की अभय नावाच्या सद्‌गृहस्थाने न्यूझीलंडच्या सहलीसाठी एक महागडा ड्रोन घेतला होता आणि सहलीनंतर तो कपाटात पडून होता. 'एक तर वापर, नाही तर विकून टाक,' असे त्याच्या बायकोने त्याला बजावले होते. समाजसेवेचे बरेच वृक्ष अशाच लहान बीजातून उगवतात. अध्यक्ष कोण, हा प्रश्न आलाच नाही, कारण पद्माकर तिथे हजर होता. तो एका आयटी कंपनीत मॅनेजर आहे आणि कुठलीही चार माणसे उभी दिसली की त्यांचा अध्यक्ष व्हायला त्याला वीस मिनिटे पुरतात.

त्या सभेत चर्चा रंगात आल्यावर सर्वांना कॉफीची आठवण झाली आणि निशिकांत उठला. तो नेहमीच उठतो. त्याला नऊ जणांच्या नऊ तऱ्हा तोंडपाठ आहेत: पद्माकरला डब्यातले दूध घातलेली पण साखर नसलेली कोपी (म्हणजे तिथली कॉफी), अभयला कमी गोड चहा, तिसऱ्याला बर्फाची, चौथ्याला नुसती काळी. कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये रांग मोठी होती. तो वीस मिनिटांनी दोन्ही हातांत पिशव्या लोंबकळवत परत आला, तोवर तीन ठराव एकमताने संमत झाले होते. पहिला, पथक स्थापन झाले. दुसरा, पथकात पायलट असतील आणि त्यांची वेळोवेळी तपासणी करायला चेक पायलट असतील. तिसरा, चेक पायलट होण्यास पात्र असे कोणीच नसल्याने सभेला प्रत्यक्ष उपस्थित असलेले सर्व सदस्य चेक पायलट समजले जावेत. उपस्थिती आठ.

"अरे, कोणाला तरी तपासावं लागेल ना?" पद्माकरने आपली कोपी घेत त्याची समजूत घातली. "आणि तुझा स्वभावही शांत आहे."

अशा रीतीने पथकात आठ चेक पायलट आणि एक पायलट झाले. चेक पायलटना पाठीवर मोठी अक्षरे असलेले हिरवे जाकीट मिळाले. निशिकांतला साधे नारिंगी मिळाले, जे कारखान्यात त्याच्याकडे आधीच तीन होते.

आता चेक पायलट म्हणजे काही शोभेची बाहुली नव्हे. आपली पात्रता टिकवायला त्याने दर नव्वद दिवसांत किमान एका पायलटची समक्ष तपासणी करावीच लागते. आठ चेक पायलट, वर्षाला प्रत्येकी चार तपासण्या, म्हणजे बत्तीस, आणि तपासायला पायलट एक. तीन वर्षांत निशिकांतची शहाण्णव वेळा तपासणी झाली. इतका तपासलेला माणूस जगात कुठल्या इस्पितळातही सापडायचा नाही.

या सर्व तपासण्या एका बहुउद्देशीय हॉलमध्ये झाल्या, कारण सेम्बावांगला हवाई तळ आहे, तिथल्या आकाशात ड्रोनहून मोठ्या विमानांची कामे चाललेली असतात आणि तिथे ड्रोन उडवायला परवानगी लागते. हॉलच्या अर्ध्या भागात शेजारच्या ब्लॉकमधल्या आज्या रांगेत उभ्या राहून नाचाचा सराव करत. उरलेल्या अर्ध्या भागात ड्रोन छातीच्या उंचीवरून उडे आणि टेबल टेनिसच्या टेबलामागे बसलेल्या अभयला शोधून काढी. निशिकांतने अभयला शहाण्णव वेळा शोधून काढले आहे. (एवढा तो आपल्याला कधी सापडला नाही, असे अभयच्या बायकोचे म्हणणे आहे.)

तीन वर्षांचे प्रत्यक्ष कार्यही नोंदवले पाहिजे. पथकाकडे आलेल्या हरवल्याच्या तक्रारी, एक. हरवलेली व्यक्ती, सातव्या मजल्यावरच्या बाईंचा पोपट. सापडला का? होय, तो स्वतःहून परत आला. अहवालाची पाने एकतीस.

तर मुद्दा असा, की निशिकांतलाही चेक पायलट व्हायचे होते. त्याला ते फार मनापासून हवे होते. त्याने हिरवे जाकीट आधीच शिवून घेऊन कपड्यांच्या कपाटात, बायकोच्या साड्यांखाली ठेवले होते, आणि घरात कोणी नसताना दोनदा घालूनही पाहिले होते. पण तो चेक पायलट झाला तर पथकात पायलट उरणार नव्हता. पायलट नाही तर तपासणी नाही, आणि तपासणी नाही तर नव्वद दिवसांत आठही जणांची पात्रता गळून पडणार. थोडक्यात, निशिकांतला बढती न देणे हा पथकाचा पायाच होता. पद्माकरने यावर तोडगा काढला. "तू असं कर, आधी चेक पायलटच्या पात्रतेचे निकष लिही," तो म्हणाला. "तुझ्याइतका निःपक्षपाती माणूस आपल्यात दुसरा नाही. आम्ही सगळे आधीच पात्र आहोत."

निशिकांतने चौसष्ट पानांचे निकष लिहिले. रात्रंदिवस खपून नव्हे, आनंदाने लिहिले. त्यातली काही कलमे मुळातूनच वाचण्यासारखी आहेत. कलम सहा: उड्डाण चालू असताना चेक पायलटने ड्रोनकडे पाहू नये, उमेदवार ड्रोनकडे पाहतो की नाही हे पाहावे. कलम नऊ: नापसंतीचा हुंकार तोंड न उघडता, पण उमेदवाराला ऐकू जाईल असा काढता आला पाहिजे (प्रशिक्षण सहा तास). कलम अकरा: उमेदवाराने उघड्या आकाशाखाली किमान एक प्रत्यक्ष हरवलेली व्यक्ती शोधलेली असावी.

हे अकरावे कलम पद्माकरच्या आग्रहाने आले आणि तिथेच गाडी अडली. सिंगापूरमध्ये माणूस हरवणे सोपे नाही. दर दोनशे पावलांवर नकाशा आहे आणि चुकून कोणी चुकलाच तर बसथांब्यावरची आजी त्याला हाताला धरून योग्य बसमध्ये बसवते. म्हणून कलम अकराला पोटकलम जोडावे लागले: प्रत्यक्ष हरवलेली व्यक्ती उपलब्ध नसल्यास 'अधिकृत हरवलेली व्यक्ती' वापरावी. मग अशा व्यक्तीची पात्रताही ओघानेच आली. वय साठच्या वर, डॉक्टरचा दाखला, फोन बंद ठेवण्याची तयारी, आणि नेमून दिलेल्या जागी दोन तास न हलता बसण्याचे प्रशिक्षण.

पण निशिकांतचा खरा जीव होता तो परिशिष्टातल्या नमुना क्रमांक सातवर. (याचा सातबाराशी काही संबंध नाही. हा भरायला जास्त कठीण आहे.) कोणी खरोखर हरवले तर जवळच्या नातेवाइकाने भरायचा हा तक्ता. त्यात बावीस रकाने होते: उंची, चष्मा, चालण्याची ढब, अंगातल्या शर्टाचा रंग, खिशात काय असते, चहा-कॉफी कशी लागते, कंटाळा आला की कुठे जाऊन बसते. एकही रकाना रिकामा राहिला तर व्यक्ती हरवली असे धरले जाणार नव्हते. निशिकांतने हा तक्ता कारखान्यातल्या पंपांच्या नोंदवहीवरून बेतला होता आणि त्याला त्याचा रास्त अभिमान होता.

याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. रुचिर नावाचा एक तरुण इंजिनिअर पुण्याहून ब्लॉकमध्ये राहायला आला आणि पुढच्या महिन्यापासून पायलट व्हायला 'बघू या' म्हणाला. आणि बार्शीहून निशिकांतचे वडील, शिवदास अण्णा, दोन महिन्यांसाठी मुलाकडे आले.

अण्णा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षे बार्शीच्या स्टँडवर काचेच्या खोलीत माइकसमोर बसून त्यांनी गाड्या लावल्या आणि सोडल्या. सेम्बावांगच्या अकराव्या मजल्यावर मात्र त्यांना सोडायला काही नव्हते. ते खिडकीशी बसून जहाजांच्या कारखान्याच्या क्रेन मोजत. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी चौकशी केली.

"म्हणजे तुम्ही हरवलेली माणसं शोधता?"

"हो, अण्णा."

"किती सापडली?"

"अजून कोणी हरवलेलं नाही."

"मग बरंय की," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं स्टँडवर दिवसाला तीन हरवायची. यात्रेत दहा. त्याची एक खूण असते बघ. हरवलेला माणूस..."

"हं," निशिकांत म्हणाला. तो लॅपटॉपवर कलम चौदा लिहीत होता.

अण्णांनी ती खूण सांगायचा प्रयत्न पुढेही तीन-चार वेळा केला. प्रत्येक वेळी त्यांना एक 'हं' मिळाला. हा 'हं' उद्धटपणाचा नव्हता, निशिकांत बापाला मान देणारा मुलगा होता. पण त्या दोन महिन्यांत त्याने वडिलांकडे मान वर करून पाहिले असे फारसे झाले नाही, हे खरे.

अण्णांच्या रूपाने पथकाला हवी तशी अधिकृत हरवलेली व्यक्ती घरबसल्या मिळाली. डॉक्टरचा दाखला झाला. न हलता बसण्याच्या प्रशिक्षणात अण्णा पहिल्याच प्रयत्नात पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाले. परीक्षकांना याचे नवल वाटले, पण वाटायला नको होते. मुलाकडे परदेशी आलेल्या आईवडिलांचा तो रोजचाच सराव असतो.

अण्णा येण्याच्या आधीपासून पद्माकरने संबंधित खात्याशी पाच महिने चालवलेल्या पत्रव्यवहाराला अखेर फळ येऊन एक परवानगी मिळाली: रविवार, सकाळी आठ ते साडेनऊ, समुद्राकाठचे एक मैदान. पथकाच्या इतिहासातले हे पहिले उघडे आकाश. अण्णांचे परतीचे तिकीट त्यानंतर सहा दिवसांनी होते, म्हणजे जे काय व्हायचे ते त्याच रविवारी व्हायला हवे होते.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला निशिकांतने अण्णांना घराबाहेर काढले. सुचित्रा, म्हणजे निशिकांतची बायको, चहाचे आधण ठेवत होती. "दोन मिनिटं थांबा, अण्णांचा चहा होतोय," ती म्हणाली.

"आल्यावर घेतील. हजेरी पावणेसातला आहे," निशिकांत म्हणाला आणि लिफ्टचे बटण दाबले.

सव्वासातला अभयने अण्णांना मैदानाच्या टोकाला, झाडीआड, ठरलेल्या जागी घडीच्या खुर्चीवर बसवले, त्यांचा फोन बंद करून घेतला आणि 'हरवलो' म्हणून त्यांची सही घेतली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आठ हिरवी जाकिटे अर्धवर्तुळात उभी राहिली आणि एक नारिंगी मध्ये. मग सूचनावाचन सुरू झाले. पद्माकरने चौसष्टपैकी चव्वेचाळीस पाने वाचून दाखवली (उरलेली 'वाचली असे समजावे'). आठ वाजले. बॅटरीची तपासणी झाली, तपासणीची तपासणी झाली, वाऱ्याची दिशा ठरवण्यासाठी मतदान झाले. नऊ वाजून चार मिनिटांनी ड्रोन एकदाचा आकाशात गेला आणि निशिकांतच्या अंगावर खरोखर काटा आला. तीन वर्षे छातीच्या उंचीवर घालवलेला तो ड्रोन झाडांच्या वर चढला, पलीकडे समुद्र दिसला, त्यापलीकडे मलेशियाचा किनारा दिसला. निशिकांत हसला. कलम बारानुसार हसायला बंदी होती, पण कोणी हुंकार दिला नाही.

पाचव्या मिनिटाला पडद्यावर खुर्ची दिसली. ती रिकामी होती.

"वा!" पद्माकर म्हणाला. "खुर्ची सापडली म्हणजे निम्मं झालं."

"पण अण्णा कुठे आहेत?" निशिकांतने विचारले.

यावर आठ चेक पायलटांत उच्च दर्जाची चर्चा झाली. हरवलेली व्यक्ती हरवलेल्या जागी नसेल तर ती हरवली असे म्हणता येईल काय? एकाचे मत पडले, की अण्णा अधिकृतरीत्या आधीच हरवलेले असल्याने त्यांना पुन्हा हरवता येणार नाही. दुसऱ्याने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुचवली. "मी तिथेच बसवलं होतं. सही आहे माझ्याकडे," अभय पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटी पद्माकरने निर्णय दिला, की ही खऱ्या हरवण्याची घटना असू शकते. मात्र तसे जाहीर करायला नमुना क्रमांक सात पूर्ण भरून हवा.

"बरोबर ना, निशिकांत? तूच लिहिलंयस."

ऊन चढत होते. झाडीपासून समुद्र चाळीस पावलांवर होता, आणि अण्णांना इथली भाषा येत नव्हती. निशिकांतने पॅड मांडीवर घेतले.

नाव त्याने झटकन लिहिले. वय चौऱ्याहत्तर लिहिले, मग बोटांवर मोजून खोडले आणि शहात्तर केले. उंचीपाशी तो थांबला. त्याच्या आठवणीत अण्णा त्याच्याहून उंच होते, पण लिफ्टच्या आरशात ते तसे दिसले होते का? शर्टाचा रंग. सकाळी तो त्यांच्या शेजारी अकरा मजले उतरला होता, पंधरा मिनिटे चालला होता. त्याने डोळे मिटून पाहिले. त्याला लिफ्टचे आकडे आठवले, हातातली फाइल आठवली, घड्याळ आठवले. शर्ट आठवेना. चष्मा नेहमीचा की फक्त वाचायचा? कोणता पाय जपून टाकतात? खिशात काय असते? कंटाळा आला की कुठे जाऊन बसतात?

रकाना चौदा: चहा-कॉफी कशी लागते. निशिकांतने मान वर केली. समोर आठ माणसे उभी होती आणि त्या आठांपैकी प्रत्येकाच्या पेल्यात किती चमचे साखर पडते हे तो झोपेत सांगू शकला असता. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली. त्याने सुचित्राला फोन लावला.

"अण्णांच्या अंगात काय होतं गं सकाळी?"

"का? काय झालं?"

"सांगतो. आधी सांग ना."

"निळ्या चौकड्यांचा, तुझाच जुना. दुसरं बटण तुटलंय, आज लावणार होते मी. चष्मा कायम लागतो आता, मागच्या वर्षापासून. डावा गुडघा दुखतो. खिशात बडीशेपेची डबी आणि एसटीचं जुनं ओळखपत्र." इथे ती थांबली. "निशी, अण्णा हरवलेत?"

"खुर्चीवर नाहीत."

"चहा न पाजता नेलंस तू त्यांना. सात वाजता चहा लागतो त्यांना, आलं घालून, साखर जरा जास्त. नऊ वाजलेत. आधी चहा शोध, तिथे अण्णा असतील."

निशिकांतने ड्रोन खाली उतरवला, रिमोट अभयच्या हातात दिला आणि चालायला लागला.

"अरे, उमेदवाराला जागा सोडता येत नाही! कलम सतरा!" पद्माकर ओरडला.

निशिकांत पळायला लागला. तपासणी रीतसर संपलेली नसल्याने आठही चेक पायलट त्याच्या पळण्याच्या पद्धतीची नोंद घेत मागून पळाले. रविवारी सकाळी समुद्राकाठी फिरायला आलेल्या लोकांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. नारिंगी जाकिटातला एक भारतीय पुढे आणि हिरव्या जाकिटांतले आठ मागे, म्हणजे पुढच्याने काही तरी चोरले असणार, असा त्यांचा समज झाला असावा.

जवळच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये, कडेच्या टेबलाशी, निळ्या चौकड्यांचा शर्ट बसला होता. समोर चहाचा पेला होता. त्यांच्या समोरच्या स्टुलावर ऐंशीच्या घरातला एक चिनी म्हातारा काया टोस्ट (नारळ-अंड्याचा जाम लावलेला पाव) खात होता. त्याच्या एका पायात चप्पल होती, दुसरा पाय मातीने भरलेला होता. अण्णांनी त्याचा डावा हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

"अण्णा!"

"ये. हळू, दचकेल तो," अण्णा म्हणाले. "खुर्चीवर बसलो होतो रे मी. हलणार नव्हतो, सही दिलीय. पण हा बाबा त्या झाडीतनं गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. तुला सांगत होतो ना, हरवलेल्या माणसाची खूण? हरवलेला माणूस कधी लांब जात नाही. एकाच जागेवरनं तिसऱ्यांदा जातो. तिसऱ्या फेरीला मी उठलो. विचारलं काही, तर त्याला माझं कळेना, मला त्याचं. मग म्हटलं, हाताला धरावं आणि चहाचा वास येईल तिकडं जावं. स्टँडवर तेच करायचो. हरवलेल्याला आधी खायला घालायचं. पोट भरलं की त्याला आपलं नाव आठवतं."

नाव त्याला आठवले नव्हते, पण चहाच्या गाड्यावरच्या आंटीने त्याच्या गळ्यातल्या साखळीवरचा फोन नंबर वाचला होता. पाचच मिनिटांत एक बाई धावत आली. तिच्या हातात दुसरी चप्पल होती. तिने आधी ती वडिलांच्या पायात घातली, मग जमिनीवर बसून रडली, मग अण्णांचे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ चिनी भाषेत बोलत राहिली. अण्णा मराठीत "असू दे, असू दे" म्हणत राहिले. दोघांचे एकमेकांना बरोबर कळत होते.

"युअर फादर व्हेरी गुड, लाह," आंटी निशिकांतला म्हणाली. "होल टाइम होल्ड द अंकल हँड. नेव्हर लेट गो."

निशिकांत अण्णांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या शर्टाकडे बघत राहिला. दुसरे बटण खरेच नव्हते.

अशा प्रसंगी कोणतीही जबाबदार संस्था करते तेच पथकाने केले: तिथल्या तिथे दोन टेबले जोडून सभा भरवली. तीन वर्षांत पथकाकडून प्रथमच एक माणूस सापडला होता, पण तो अपात्र व्यक्तीने, विनापरवाना, हाताने धरून शोधलेला होता. ही नोंद कोणत्या रकान्यात घ्यावी यावर मते फार तीव्र झाली. घसे कोरडे पडले. निशिकांत उठला.

तो दहा पेले घेऊन परत आला तेव्हा ठराव झालेला होता. शिवदास अण्णांना एकतीस वर्षांचा अनुभव, प्रत्यक्ष शोध एक आणि मुख्य म्हणजे सभेला उपस्थिती, या तीन कारणांस्तव चेक पायलट करण्यात आले होते. निशिकांतची सत्त्याण्णवावी तपासणी 'अनिर्णित' ठरली होती (खुर्चीचे गुण राखून). त्याच वेळी पद्माकरच्या फोनवर रुचिरचा निरोप आला: चौसष्ट पाने वाचली, त्याने आता बॅडमिंटन सुरू केले आहे.

"म्हणजे पायलट तूच," पद्माकरने निशिकांतच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि अण्णांची पात्रता टिकवायची तर दर नव्वद दिवसांनी त्यांनी तुला तपासायला हवं. समक्ष. तूच लिहिलंयस."

निशिकांतने अण्णांपुढे चहा ठेवला. आले नव्हते, पण साखर जास्त होती. अण्णांनी घोट घेतला आणि लगेच दुसरा घोट घेतला.

घरी गेल्यावर निशिकांतने साड्यांखालचे हिरवे जाकीट काढून अण्णांना दिले. ते त्यांना खांद्यांत जरा मोठे झाले. सहा दिवसांनी ते तेच घालून चांगी विमानतळावर गेले, आणि आत जाण्याच्या दाराशी बॅग खाली ठेवून मागे वळले.

"तुझी तपासणी राहिली की. माझे नव्वद दिवस उगाच कशाला खर्च करायचे? डोळे मीट."

निशिकांतने डोळे मिटले. मागे सुचित्रा हसू दाबत उभी होती.

"जाकिटाच्या आतला शर्ट?"

"पांढरा. बाह्या दुमडलेल्या. खिशात बडीशेपेची डबी, आणि एसटीचं ओळखपत्र फोटोची बाजू आत करून."

"गुडघा?"

"डावा. पायऱ्या उतरताना जास्त दुखतो."

"उंची?"

"माझ्यापेक्षा दोन बोटं कमी. पूर्वी जास्त होती."

अण्णांनी तोंड न उघडता, पण स्पष्ट ऐकू जाईल असा एक हुंकार काढला. तो पसंतीचा होता. कलम नऊमध्ये तशी तरतूद नाही. "पास," ते म्हणाले. "पुढची तपासणी नव्वद दिवसांनी, बार्शी स्टँड, फलाट चार. उशीर झाला तर माइकवर नाव पुकारायला लावीन."

पथकाचे काम पूर्वीप्रमाणेच जोमात चालू आहे. निशिकांत अजून पायलट आहे आणि आतापर्यंत दोनदा बार्शीला जाऊन उत्तीर्ण होऊन आला आहे. निकषांची आता पासष्ट पाने झाली आहेत. पासष्टाव्या पानावर अण्णांनी फोनवरून सांगितलेली एकच दुरुस्ती आहे: नमुना क्रमांक सातमधले तीनपेक्षा जास्त रकाने रिकामे राहिल्यास, हरवली ती व्यक्ती नसून फॉर्म भरणारा हरवला आहे असे समजावे आणि शोध त्याचा सुरू करावा.

एवढे वाचताना वाचक या नऊ जणांना हसला असेल, तर ती त्याची हौस आहे, पथकाची त्याला हरकत नाही. फक्त सोबत नमुना क्रमांक सात जोडला आहे. आपल्या घरातले कोणतेही एक माणूस घ्यावे. उठू नये, आतल्या खोलीत डोकावू नये, हाक मारू नये, फोनमधले फोटो उघडू नयेत. आज सकाळी त्याच्या अंगात कोणत्या रंगाचे कपडे होते, इथपासून सुरुवात करावी. वेळ दोन मिनिटे. भरून झाल्यावर आहे त्याच जागी बसून राहावे; रिकामे रकाने मोजून पथक आपल्याकडे निघेल.